जीआरईचे अवघड आरसी प्रश्न: उत्तरावर बोट ठेवता आलं पाहिजे

जीआरईची, म्हणजे परदेशात मास्टर्स-पीएचडीला जायच्या परीक्षेची, तयारी सुरू केलेल्या मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींची एक ठरलेली तक्रार असते. क्वांट म्हणजे गणित जमतंय, शब्दांच्या याद्या पाठ होतायत, पण रीडिंग कॉम्प्रिहेन्शन म्हणजे आरसी, उताऱ्यावरचे प्रश्न, आले की पाचातले तीन ऑप्शन उडवता येतात आणि उरलेल्या दोनात नेमकं चुकीच्यावर क्लिक होतं. मग कोणीतरी सांगतं की रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाच. वाचा, त्यात वाईट काहीच नाही, पण नुसतं वाचून हा 'दोनातला एक' वाला प्रॉब्लेम सुटत नाही, कारण तो मुळात इंग्रजीचा नाहीच. पॅसेज बऱ्यापैकी कळलेला असतो, आपण ढिले पडतो ते ऑप्शन वाचताना. आणि ही सवय बदलता येते, मराठी मीडियमच्या मुलांना तर नक्कीच येते, त्यांनी उगाच घाबरून हे सेक्शन सोडून देऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी पेपर कसा असतो ते पटकन बघून घेऊ. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई छोटी झालीये, सगळा पेपर साधारण १ तास ५८ मिनिटांचा. व्हर्बलचे म्हणजे इंग्रजीचे दोन सेक्शन, पहिला १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसरा १५ प्रश्न २३ मिनिटांत, आणि पहिल्यात तुम्ही कसं करता त्यावर दुसरा सोपा येणार की कठीण ते ठरतं. व्हर्बलचे साधारण निम्मे प्रश्न आरसीचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एका सेक्शनच्या आत मागेपुढे जाता येतं, प्रश्न मार्क करून ठेवता येतो. एमबीएसाठी कॅट देणाऱ्यांनाही पुढचं सगळं उपयोगी पडेल, फक्त तिथे पॅसेज लांब असतात आणि चुकीच्या उत्तराला १ मार्क कापला जातो, त्यामुळे अंदाज मारायचा हिशोब वेगळा. एमबीएच्याच जीमॅटलाही आरसी आहेच, पण तिथे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि शेवटी प्रत्येक सेक्शनमध्ये जास्तीत जास्त ३ उत्तरं बदलता येतात.

आता शाळेतली सवय. आपण सगळ्यांनी 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' केलेलं आहे, आणि त्यात मार्क कसे मिळवायचे हे आपल्याला चौथी-पाचवीतच कळलेलं असतं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडलं ते वाक्य उचलायचं, लिहून टाकायचं. जीआरईत नेमकं ह्याच सवयीला पकडतात. चुकीच्या ऑप्शनमध्ये पॅसेजमधले शब्द जसेच्या तसे पेरलेले असतात आणि बरोबर उत्तर बऱ्याचदा पूर्णपणे वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. म्हणून ओळखीचा शब्द दिसला म्हणून ऑप्शन आवडला असं झालं की तिथे दोन सेकंद थांबायचं, एवढं पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

पद्धत नुसती सांगून कळत नाही, म्हणून एक छोटा उतारा घेऊ. परीक्षेत सगळं इंग्रजीतच येणार हे उघड आहे, पण विचार कसा करायचा ते दिसावं म्हणून मी मराठीतच रचलाय, आणि विषय मुद्दाम आपल्या मुंबईचा घेतलाय, का ते पुढे कळेल.

"१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडे अनेकजण सार्वजनिक आरोग्याचा उपक्रम म्हणूनच पाहत आले आहेत. दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढले की समुद्राचा वारा आत येईल आणि रोगराई हटेल, असा त्यामागचा विचार होता. मात्र ज्यांची घरे पाडली गेली त्यांना परवडतील अशी पुरेशी घरे वेळेत उभी राहिली नाहीत. कामाच्या जागेजवळच राहणे भाग असल्यामुळे ही माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली. असे असले तरी ट्रस्टला निव्वळ अपयशी म्हणणे घाईचे ठरेल: दादर-माटुंग्याकडे आखलेल्या वसाहतींनी शहराच्या वाढीला दिशा दिली, जरी त्यांचा लाभ प्रामुख्याने मध्यमवर्गाला झाला."

पहिली पायरी, प्रश्न न बघता पॅसेज एकदा नीट वाचा. काही जण आधी प्रश्न वाचायला सांगतात, लांब पॅसेजला एखाद्याला ते जमतही असेल, पण जीआरईचे बहुतेक पॅसेज एका पॅराग्राफचे असतात आणि प्रश्न डोक्यात घेऊन वाचलं की आपण परत तेच शाळेतलं शब्द शोधणं सुरू करतो. वाचताना वर्षं, नावं, आकडे लक्षात ठेवायची गरज नाही, ते स्क्रीनवरून पळून जात नाहीत. लक्ष ठेवायचं ते वळणांवर. वरच्या उताऱ्यात तीन वळणं आहेत, 'मात्र', 'असे असले तरी' आणि 'जरी'. इंग्रजीत हीच कामं हाउएव्हर, यट, नेव्हरदलेस, ऑल्दो वगैरे करतात. जिथे वळण तिथे प्रश्न, हे इतक्या वेळा खरं ठरतं की मी तरी वळणाचं वाक्य आलं की वाचायचा स्पीड मुद्दाम कमी करायला सांगतो.

वाचून झालं की रफ कागदावर एका ओळीत पॅसेज लिहायचा, पण 'कशाबद्दल' ते लिहायचं नाही, लेखक काय करतोय ते लिहायचं. 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्टबद्दल माहिती' ही ओळ काही कामाची नाही. 'लोक आरोग्याचं काम म्हणतात → पण गर्दी वाढली → तरी पूर्ण फेल नाही, फायदा मध्यमवर्गाला' ही ओळ कामाची. सुरुवातीला ह्याला वेळ लागेल आणि वाटेल की एवढ्या वेळात मी प्रश्न सोडवला असता, तरी सुरुवातीचे काही आठवडे लिहाच, नंतर ते डोक्यातल्या डोक्यात व्हायला लागतं.

मग प्रश्न. समजा विचारलंय की ह्या उताऱ्याचा मुख्य हेतू काय. ऑप्शन बघायच्या आधी स्वतःचं उत्तर तयार करायचं, मोडक्यातोडक्या भाषेत चालेल, मराठीत चालेल. आपलं उत्तर, 'नेहमीचं मत अपुरं आहे असं सांगून ट्रस्टचं चांगलं-वाईट दोन्ही तोलणं'. आता ऑप्शन:

अ) प्लेगचा प्रसार का झाला ह्याची कारणं समजावणं
ब) ट्रस्टचं काम अपयशी ठरलं हे दाखवून देणं
क) दादर-माटुंग्याच्या वसाहतींचा मध्यमवर्गाला झालेला लाभ सांगणं
ड) एका प्रचलित मताच्या मर्यादा दाखवून ट्रस्टच्या कामाचं अधिक संतुलित मूल्यमापन करणं
इ) वस्तीच्या नियोजनाच्या दोन पद्धतींची तुलना करणं

अ आणि इ लगेच जातात, पॅसेजमध्ये ते नाहीच. खरा घोळ ब, क आणि ड मध्ये. ब का आवडतो, तर तिसरं-चौथं वाक्य वाचून आपल्या मनावर पाडकामाचा आणि गर्दीचा ठसा जास्त राहतो, पण पाचव्या वाक्यात लेखकाने स्वतःच 'निव्वळ अपयशी म्हणणे घाईचे' म्हटलंय, म्हणजे ब सरळसरळ लेखकाच्या विरुद्ध जातो. क मधलं सगळं खरं आहे, शब्दही पॅसेजमधलेच आहेत, पण ते शेवटचं अर्धं वाक्य आहे, सगळ्या पॅसेजचा हेतू तो कसा असेल? उरला ड, आणि ड मध्ये बघा, 'प्रचलित मत', 'मर्यादा', 'संतुलित' ह्यातला एकही शब्द पॅसेजमध्ये नाही. बरोबर उत्तर असंच दिसतं, जरा कोरडं, जरा बोरिंग.

इथेच सगळ्यात महत्त्वाची सवय सांगतो. उत्तर ड का, हे सांगता येणं पुरेसं नाही. ब आणि क नेमक्या कोणत्या शब्दामुळे पडले ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'फील येत नाहीये' हे कारण चालत नाही. चुकीच्या ऑप्शनमध्ये चूक कुठेतरी एका शब्दात किंवा एका तुकड्यात बसलेली असते आणि ती सापडेपर्यंत ऑप्शन उडाला असं समजायचं नाही. दोनात अडकल्यावर बहुतेकजण 'जास्त बरोबर कोण' असं विचारत बसतात आणि दोघांच्या बाजूने वकिली करत राहतात. उलटं करा, दोघांमध्ये चूक शोधा. ज्याच्यात चूक सापडेल तो गेला.

चूक दडायच्या जागा फार नाहीत. सगळ्यात कॉमन म्हणजे अति शब्द, फक्त, नेहमी, पूर्णपणे, सर्वप्रथम, एकमेव. पॅसेज म्हणतो 'प्रामुख्याने मध्यमवर्गाला' आणि ऑप्शन म्हणतो 'फक्त मध्यमवर्गाला', संपलं. दुसरी जागा म्हणजे संबंध उलटा करणं, कारण आणि परिणाम ह्यांची अदलाबदल, किंवा एकाचं मत दुसऱ्याच्या तोंडी देणं. वारा आत आला की रोग जाईल हे मत ट्रस्टमागच्या विचाराचं आहे, लेखकाचं नाही, आणि 'लेखकाच्या मते' असा ऑप्शन आला की पुष्कळ जण तिथे पडतात. तिसरी, अर्धं बरोबर अर्धं चूक, ह्यात पहिला अर्धा भाग इतका छान असतो की दुसरा आपण वाचतच नाही, म्हणून लांब ऑप्शन शेवटाकडून वाचून बघायचा, फरक पडतो.

आणि चौथी जागा, बाहेरचं ज्ञान. विषय मुंबईचा घेतला तो ह्याच्यासाठी. समजा ऑप्शन असता, 'दादर-माटुंग्याच्या वसाहती नियोजनबद्ध आणि हिरव्यागार होत्या.' दादरला राहणारा, फाइव्ह गार्डन्सला फिरायला जाणारा, हिंदू कॉलनी-पारशी कॉलनीतले रस्ते पायाखालचे असलेला माणूस ह्याच्यावर डोळे मिटून क्लिक करेल. पण उताऱ्यात हिरवाईचा उल्लेख आहे का? नाही. मग ते खरं असलं तरी इथे चूक. म्हणून स्वतःच्या ब्रँचचा पॅसेज आला की खूश होऊ नका, बायोटेकवाल्याला एन्झाइमचा पॅसेज आला की तो पॅसेज कमी आणि स्वतःचं लेक्चर जास्त आठवतो. त्यापेक्षा अनोळखी विषय परवडला, तिथे आपण निमूटपणे लिहिलंय तेच वाचतो.

आता इन्फरन्सचे प्रश्न, म्हणजे पॅसेजवरून काय निष्कर्ष निघतो. इथे शब्दच असा आहे की वाटतं काहीतरी खोल, लपलेलं शोधायचंय. तसं काही नाही. पॅसेजमधलं सगळं खरं मानलं तर जे खरं असलंच पाहिजे तेवढंच उत्तर. 'असू शकेल', 'बहुतेक असेल' हे सगळं बाद. जीआरईत ह्याच्यात एक खास प्रकार असतो, तीन ऑप्शन देतात आणि जितके बरोबर तितके सगळे निवडायचे, एक असेल, दोन असतील, तिन्ही असतील, आणि एखादा जरी चुकला तरी मार्क शून्य, अर्धा मार्क वगैरे काही नाही. आपल्या उताऱ्यावर:

१) घरं पाडली गेलेल्यांना कामापासून लांब राहायला जाणं सोयीचं नव्हतं.
२) ट्रस्टने पाडकाम केलं नसतं तर प्लेग लवकर आटोक्यात आला असता.
३) काही वस्त्यांतली गर्दी वाढण्याला ट्रस्टचं पाडकाम कारणीभूत ठरलं.

पहिला बरोबर, 'कामाच्या जागेजवळच राहणे भाग' हे तिथे लिहिलेलंच आहे. तिसरा बरोबर, आणि त्याची भाषा किती बेताची आहे बघा, 'काही वस्त्या', 'कारणीभूत ठरलं', जास्त दावा नाहीच. दुसरा मात्र नुसती कल्पना, प्लेग पुढे कमी झाला की वाढला ह्याबद्दल उतारा गप्प आहे. ह्या प्रकारात तिन्ही ऑप्शन एकमेकांशी तुलना न करता वेगवेगळे खरे-खोटे म्हणून तपासायचे, हा मोठा फरक आहे. एकासाठी एक पुरावा, बोट ठेवून. आणि एक बरोबर सापडला म्हणून थांबायचं नाही.

लेखकाचं म्हणणं कमजोर करणारे किंवा त्याला बळ देणारे प्रश्न जरा वेगळे, कारण तिथे ऑप्शनमध्ये नवीन माहिती येते आणि ती खरी मानायची असते. आधी नक्की कुठलं विधान पाडायचंय ते पकडा. समजा 'पाडकामामुळे शेजारच्या चाळींत गर्दी वाढली' हे कमजोर करायचंय. एक ऑप्शन म्हणतो, 'समुद्राच्या वाऱ्याने प्लेग हटत नाही.' खरं असेल, ट्रस्टची बाजू त्याने पडेल, पण गर्दीच्या विधानाला त्याने काय होतं? काहीच नाही. दुसरा म्हणतो, 'जिथे पाडकाम झालंच नाही अशा लांबच्या भागांतही त्याच काळात गर्दी तेवढीच वाढली.' हा बरोबर, कारण आता वाटायला लागतं की गर्दीचं कारण दुसरंच काहीतरी असेल, गावाकडून येणारी माणसं वगैरे. अवघड लेव्हलच्या ह्या प्रश्नांत बहुतेक वेळा असंच असतं, दुसरं संभाव्य कारण पुढे आणणं किंवा ते बाद करणं. विधान पूर्ण खोटं ठरायची गरज नाही, त्यावरचा विश्वास थोडा कमी-जास्त झाला तरी पुरे.

अमुक वाक्य पॅसेजमध्ये कशासाठी आलंय, ह्या प्रश्नाला त्या वाक्यात काय म्हटलंय ते सांगत बसू नका, आधीच्या आणि नंतरच्या वाक्याशी त्याचं नातं सांगा. दुसरं वाक्य कशासाठी? पहिल्या वाक्यातल्या मताचा आधार समजावण्यासाठी. वाक्य सिलेक्ट करायच्या प्रश्नातही हीच नाती उपयोगी पडतात, तिथे स्क्रीनवर थेट पॅसेजमधल्या वाक्यावर क्लिक करायचं असतं, आणि प्रश्नातलं वर्णन पूर्णच्या पूर्ण लागू पडलं पाहिजे, अर्धवट लागू होणारं एखादं वाक्य आसपास असतंच.

प्रॅक्टिससाठी ईटीएसचं, म्हणजे जीआरई घेणाऱ्या संस्थेचं, स्वतःचं मटेरियल आधी संपवा. पॉवरप्रेप ह्या त्यांच्या सराव परीक्षेच्या दोन टेस्ट फुकट मिळतात, त्या घाईने उडवू नका, एक सुरुवातीनंतर थोड्या दिवसांनी आणि एक परीक्षेच्या आधी. बाहेरच्या मॉक्समध्ये क्वांट चांगलं असतं पण आरसीचे ऑप्शन कधीकधी ढिले असतात, दोन उत्तरं बरोबर वाटतील असे, आणि तिथे भांडत बसून उगाच आपला कॉन्फिडन्स जातो. खरे प्रश्न थोडे असले तरी चालतील, ते पुन्हा पुन्हा चिरा.

चिरा म्हणजे काय तर एक वही घाला. चुकलेला प्रत्येक प्रश्न, आणि अंदाजाने बरोबर आलेलाही, तिथे लिहायचा. तीन गोष्टी, मी काय निवडलं आणि तेव्हा मला ते का पटलं, त्यात चुकीचा तुकडा नेमका कुठला, बरोबर उत्तराचा पुरावा कुठल्या वाक्यात. एक्स्प्लनेशन वाचायच्या आधी हे स्वतः लिहायचं, कारण एक्स्प्लनेशन वाचलं की सगळ्यांनाच पटतं आणि शिकल्यासारखं वाटतं. पानं भरली की दिसायला लागतं, एखादीचे सगळे गोंधळ अति शब्दांचे असतात, एखाद्याचे सगळे मतं कोणाची ह्यातले. मग उपाय नेमका करता येतो. पहिले काही आठवडे टायमर न लावता करा, अगदी एका प्रश्नाला दहा मिनिटं लागली तरी लागू देत. अचूकता आल्यावर घड्याळ.

जागेचं म्हणाल तर बहुतेकांच्या घरी शांत कोपरा नसतो, त्यामुळे गल्लीतली किंवा मंडळाची अभ्यासिका धरावी, फोर्टकडे कॉलेज किंवा ऑफिस असेल तर काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी आहे. लोकलमध्ये संध्याकाळच्या फास्टला आरसी होत नाही, मोबाईल वर धरायलाही जागा नसते, तिथे शब्द करा. पण दुपारच्या रिकाम्या स्लोला डोंबिवली किंवा बोरिवलीपर्यंत एक लांब लेख नक्की होतो, आणि तो वाचून स्टेशन यायच्या आत वरच्यासारखी एक ओळ मनात तयार करायची. अर्जांच्या डिसेंबर-जानेवारीच्या डेडलाइनसाठी बहुतेकांची परीक्षा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येते, म्हणजे दहीहंडी, गणपती, नवरात्र सगळं त्यातच, खिडकीखाली स्पीकर. घरून टेस्ट देणार असाल तर तारीख घेताना कॅलेंडर बघा, नाहीतर सरळ सेंटर घ्या.

परीक्षेतल्या वेळेचं गणित असं ठेवा. सरासरी प्रश्नाला दीड मिनिट येतं, पण रिकाम्या जागा भरायचे आणि समानार्थी वाक्यांचे प्रश्न मिनिटाच्या आत संपवता आले तर आरसीला प्रश्नामागे दोन मिनिटांच्या आसपास मिळतात, वाचन धरून. अडीच मिनिटं झाली आणि अजून दोनात अडकलेले आहात तर आत्ता जो कमी वाईट वाटतोय तो निवडा, मार्क करा, पुढे जा. परत आल्यावर ताज्या डोळ्यांना तो चुकीचा शब्द बऱ्याचदा लगेच दिसतो. परत आल्यावर नवीन पुरावा सापडला तरच उत्तर बदला, नुसती धाकधूक वाटतेय म्हणून नाही. आणि शेवटचं मिनिट उरलं की नवीन पॅसेज उघडून वाचत बसू नका, राहिलेल्या प्रत्येक प्रश्नावर काहीतरी क्लिक करून घ्या, आधी एकच उत्तर असलेले आणि 'सगळे निवडा' वाले अगदी शेवटी, कारण अंदाजाने तिथे मार्क मिळायची शक्यता त्याहून कमी.